बे दुणे पाच: सोव्हिएत कारखान्यांचा हिशोब

१९३१ साली सोव्हिएत संघात एक भित्तिपत्रक निघालं. चित्रकाराचं नाव याकोव गुमिनेर. त्यावर मोठ्या आकड्यांत बेरीज मांडलेली होती: २ अधिक २, त्यात कामगारांचा उत्साह मिळवला की ५. पहिली पंचवार्षिक योजना १९२८मध्ये सुरू झाली होती आणि ती चार वर्षांतच उरकायची असा वरून आदेश होता, त्याची ही जाहिरात. आपल्याकडे बे दुणे पाच म्हणणाऱ्या पोराला मास्तर छडी द्यायचे. तिथे बे दुणे चारच होतात असं सांगणारा इंजिनिअर गोत्यात यायचा. १९२८मध्येच शाख्ती या कोळसा भागातल्या ५३ तंत्रज्ञांवर घातपाताचा जाहीर खटला चालवून पाच जणांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. बाकीचे काय शिकायचं ते शिकले.

सरकारने हुकूम सोडून, घाईने, शेतकऱ्यांच्या देशाचा कारखान्यांचा देश केला, त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण हेच. त्याबद्दल दोन गोष्टी बहुतेकांच्या कानावर असतात: पोलाद खूप झालं आणि माणसं खूप मेली. या दोन गोष्टी एकमेकींना कशा जोडलेल्या होत्या, हे मात्र क्वचित सांगितलं जातं. त्यासाठी आधी कारखाना उभा करायला काय लागतं ते बघू.

समजा, माळरानावर पोलादाचा कारखाना काढायचा आहे. दहा हजार माणसं तीन वर्षं पाया खणतायत, भट्ट्या बांधतायत. या तीन वर्षांत पोलाद शून्य. पण ही दहा हजार माणसं रोज दोन वेळा जेवतात. त्यांची भाकरी (तिथे पाव) कुठून तरी शेतातूनच येणार. शिवाय भट्टीची यंत्रं जर्मनी-अमेरिकेतून आणायची, त्यासाठी परकीय चलन हवं. रशियाकडे विकण्यासारखं काय होतं? लाकूड, तेल आणि धान्य. म्हणजे धान्य दोनदा लागणार, एकदा कामगाराच्या ताटात आणि एकदा बंदरावरच्या जहाजात.

आता शेतकऱ्याच्या बाजूने बघा. तो धान्य विकतो कशासाठी? कापड, खिळे, रॉकेल, नांगराचा फाळ घेण्यासाठी. पण या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यांनाच सरकारने थांबायला सांगितलंय, कारण आधी पोलाद, कोळसा, वीज. बाजारात घेण्यासारखं काही नाही आणि सरकारचा खरेदीभाव कमी. मग शहाणा शेतकरी काय करेल? धान्य कणगीत ठेवेल, नाहीतर डुकरांना घालून डुकरं विकेल. १९२७-२८च्या हिवाळ्यात नेमकं हेच झालं. सरकारी खरेदी धाडकन खाली आली.

या गाठीवर सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षात काही वर्षं कडाक्याचा वाद चालू होता. डाव्या गटाचे अर्थतज्ज्ञ प्रेओब्राझेन्स्की म्हणायचे, भांडवल बाहेरून मिळणार नाही, ते शेतीतूनच ओढून घ्यावं लागेल. पक्षाचे दुसरे बडे नेते बुखारिन म्हणायचे, शेतकऱ्याला कमवू द्या, त्याच्या मागणीवर उद्योग वाढेल, मग चाल गोगलगायीची असली तरी चालेल. स्टालिनने आधी बुखारिनच्या बाजूने राहून प्रेओब्राझेन्स्की वगैरे विरोधकांना संपवलं आणि मग बुखारिनलाही बाजूला सारून विरोधकांचाच कार्यक्रम कितीतरी जास्त निष्ठुरपणे राबवला. जुलै १९२८मध्ये पक्षाच्या बैठकीत त्याने शेतकऱ्यांकडून घ्यायच्या या जास्तीच्या वसुलीला जो रशियन शब्द वापरला, त्याचा सरळ मराठी अर्थ खंडणी. हा शब्द टीकाकारांचा नव्हे, त्याचा स्वतःचा.

खंडणी गोळा करायची तर अडचण मोजणीची होती. देशात सुमारे अडीच कोटी शेतकरी कुटुंबं. अडीच कोटी दारांवर कोण जाणार, कणग्या कोण तपासणार? त्यापेक्षा सगळ्यांच्या जमिनी, बैल-घोडे, अवजारं एकत्र करून सामुदायिक शेतं केली, म्हणजे कोल्खोझ, की उरतात अडीच लाखांच्या आसपास खळी. खळ्यावर सरकारचा माणूस उभा राहतो, आधी सरकारचा वाटा उचलतो, उरलं तर गावाचं. जुन्या लोकांना लेव्हीचे, म्हणजे सक्तीच्या सरकारी धान्यवसुलीचे, दिवस आठवत असतील. पण आपल्या लेव्हीत जमीन शेतकऱ्याची होती आणि तो थोडंफार लपवूही शकत होता. इथे खळंच सरकारी झालं. सामुदायिक शेतीची बाकीची तत्त्वज्ञानं कितीही सांगितली गेली, तरी तिचा पहिला उपयोग हा होता असं माझं मत आहे.

१९२९च्या शेवटापासून हे धडाक्यात सुरू झालं. ज्याची दोन जनावरं जास्त, ज्याचं घर पत्र्याचं, तो कुलाक, म्हणजे गावचा शोषक. यात मोजली गेलेली बरीच कुटुंबं आपल्याकडच्या मध्यम शेतकऱ्यापेक्षा फारशी वेगळी नव्हती. १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत सुमारे १८ लाख माणसांना उचलून उरल, सैबेरिया, कझाकस्तानकडे पाठवलं गेलं. मार्च १९३०पर्यंत निम्म्याहून जास्त शेतकरी कागदोपत्री सामुदायिक झाले. गावोगाव दंगे व्हायला लागल्यावर स्टालिनने २ मार्चला प्रावदा या पक्षाच्या वर्तमानपत्रात लेख लिहून अतिउत्साहाचं खापर खालच्या अधिकाऱ्यांवर फोडलं. लोकांनी लगेच संधी साधली आणि काही महिन्यांत सामुदायिक शेतांतल्या कुटुंबांचं प्रमाण पाव हिश्श्यावर आलं. मग पुन्हा दट्ट्या, आणि १९३७पर्यंत नव्वद टक्क्यांहून जास्त.

आता या सगळ्यातला सर्वांत मोठा आतबट्ट्याचा व्यवहार सांगतो. जनावर सामुदायिक होणारच आहे तर फुकट का द्या, म्हणून शेतकऱ्यांनी ती कापून खाल्ली. जी दिली गेली ती वैरणीवाचून सरकारी गोठ्यात मेली. १९२८मध्ये देशात ३ कोटी ३५ लाख घोडे होते, १९३३मध्ये १ कोटी ६६ लाख उरले. गाईगुरं ७ कोटींवरून ३ कोटी ८४ लाखांवर, शेळ्यामेंढ्या १४ कोटी ६७ लाखांवरून ५ कोटींवर. तिथे नांगर घोडा ओढायचा. दावण अशी ओस पडल्यावर नांगरणार कोण? म्हणून नव्या कारखान्यांतला ट्रॅक्टर आधी मेलेल्या घोड्याच्या जागी उभा राहिला. शेतीची ताकद वाढवण्याआधी त्याला खड्डा भरावा लागला. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस बार्सोव या सोव्हिएत अर्थतज्ज्ञाने जुनी दप्तरं तपासून हिशोब केला, तेव्हा दिसलं की पहिल्या योजनेच्या काळात शेतीतून उद्योगाकडे निव्वळ जे गेलं ते आधीच्यापेक्षा फारसं वाढलंच नव्हतं. एका हाताने धान्य ओढलं, दुसऱ्या हाताने ट्रॅक्टर द्यावे लागले.

मग कारखाने उभे कशावर राहिले? एक, गावातून पळालेल्या माणसांवर. १९२६मध्ये शहरांत २ कोटी ६० लाख लोक होते, १९३९मध्ये ५ कोटी ६० लाख. दोन, या माणसांच्या पोटावर. १९२९पासून पावाला रेशनकार्ड लागलं ते १९३५पर्यंत, आणि पगाराची खरी किंमत १९२८च्या मानाने जवळपास निम्म्यावर आली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नोव्हेंबर १९३२पासून एक दिवस विनाकारण खाडा केला तरी नोकरी, रेशनकार्ड आणि राहती खोली जाऊ शकायची. सोन्याची अंगठी, चांदीचे चमचे घेऊन पीठ देणारी तोर्गसीन नावाची सरकारी दुकानंही याच काळातली. भुकेल्या घरातलं मंगळसूत्रासारखं शेवटचं सोनं तिथे पिठावर उतरायचं आणि सरकारच्या तिजोरीतून यंत्रांच्या बिलाला जायचं.

आणि तीन, तरीही जहाजात भरलेल्या धान्यावर. १९२९च्या मंदीने जगभर धान्याचे भाव कोसळले. त्याच यंत्रासाठी जास्त पोती मोजावी लागायला लागली. १९३०मध्ये ४८ लाख टन धान्य बाहेर गेलं, १९३१मध्ये ५२ लाख टन. १९३२चं पीक मुळातच वाईट होतं. नांगराला जनावर नाही, कामात कुणाचं मन नाही, आणि वरून आलेला वसुलीचा आकडा मात्र पीक चांगलं धरून काढलेला. आकडा पुरा करताना खालच्यांनी खाण्याचं धान्य उचललं, काही ठिकाणी बियाणंही. ७ ऑगस्ट १९३२च्या कायद्याने सामुदायिक शेतातली कणसं वेचली तरी दहा वर्षं तुरुंग किंवा थेट मृत्युदंड. डिसेंबरात शहरांसाठी अंतर्गत पासपोर्ट आला. खेड्यातल्या माणसाला तो मिळेना, म्हणजे शहरात जाऊन भाकर शोधायचीही सोय संपली. २२ जानेवारी १९३३च्या आदेशाने युक्रेन आणि त्याच्या शेजारच्या कुबान भागातल्या शेतकऱ्यांना बाहेर पडायलाच मनाई झाली.

त्या दुष्काळात देशभर किती मेले यावर एकमत नाही. ५५ लाखांपासून ८० लाखांच्या पुढेही अंदाज जातात. एकट्या युक्रेनमध्ये ३५ ते ३९ लाख. तो ठरवून केलेला वंशसंहार होता का, यावर इतिहासकार आजही भांडतात. त्या वादात शिरायचं नसलं तरी एक साधा गुणाकार-भागाकार करता येतो. १९३३मध्येही, म्हणजे उपासमार ऐन भरात असताना, सुमारे १७ लाख टन धान्य निर्यात झालं. माणशी वर्षाला अडीच क्विंटल धरा. अडुसष्ट लाख माणसांचं वर्षाचं पोट होतं ते.

कझाकस्तानचं नाव या गोष्टीत नेहमी मागे राहतं, म्हणून थोडं थांबतो. कझाक हे गवताच्या मागे फिरणारे धनगर. त्यांना एका जागी बसवून शेतकरी करायचं ठरलं, आणि त्याच वेळी मॉस्को-लेनिनग्राडला मांस पुरवायला त्यांची जनावरं वसुलीत उचलली गेली. गवताळ प्रदेशात मेंढरू हेच शेत, तेच बँक, तेच घर. तीन-चार वर्षांत तिथली नव्वद टक्के जनावरं संपली. जवळपास १५ लाख माणसं मेली, त्यांतले बहुतेक कझाक. म्हणजे दर तीन कझाकांमागे एकाहून अधिक. लाखो जण सीमा ओलांडून चीनकडे गेले. आपल्याच प्रदेशात हे लोक पुढची कित्येक दशकं अल्पसंख्य होऊन राहिले.

आता दुसरं पारडं. तेही रिकामं नाही, आणि ते रिकामं असल्यासारखं लिहिणं खोटेपणाचं होईल.

उरल पर्वताच्या दक्षिणेला मॅग्निटनाया नावाचा डोंगर आहे, चुंबकी लोहखनिजाचा. १९२९मध्ये तिथे नुसता माळ होता. अमेरिकेतल्या गॅरी गावातला पोलाद कारखाना नमुना म्हणून घेतला, क्लीव्हलँडची एक कंपनी सल्लागार नेमली आणि त्या माळावर मॅग्निटोगोर्स्क उभं राहिलं. तीन-चार वर्षांत दोन लाखांवर वस्ती. स्वतःहून आलेले ध्येयवेडे तरुण, पोटासाठी आलेले, आणि पहाऱ्यात आणलेली हजारो कुलाक कुटुंबं, सगळे एकाच पाटीखाली. पहिला हिवाळा अनेकांनी तंबूत काढला. गंमत म्हणजे डोंगरात खनिज होतं पण कोळसा नव्हता. तो दोन हजार किलोमीटरहून लांबच्या, सैबेरियातल्या कुझबास या कोळसा भागातून आगगाडीने यायचा आणि परत जाणाऱ्या गाड्या खनिज घेऊन जायच्या. नफ्यातोट्याचा विचार करणाऱ्या कुणीही ही जागा निवडली नसती. १९३२च्या ऐन थंडीत, अमेरिकन इंजिनिअर थांबा म्हणत असताना, पहिली भट्टी पेटवली गेली. काही दिवसांतच ती दुरुस्तीला बंद करावी लागली. पण नंतर ती चालली, तिच्या शेजारी आणखी उभ्या राहिल्या.

असंच सगळीकडे. स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्याचा आराखडा डेट्रॉइटचे वास्तुरचनाकार आल्बर्ट कान यांचा, लोखंडी सांगाडा अमेरिकेतून जहाजाने आलेला. जून १९३०मध्ये वाजतगाजत उद्घाटन झालं. सुरुवातीच्या तिमाहीत दोन हजार ट्रॅक्टरचं लक्ष्य होतं, तयार झाले जेमतेम चाळीस-पन्नास, कारण कालपर्यंत विळा धरणारा माणूस आज लेथवर उभा होता. तो दोन-तीन वर्षांत शिकला, हेही खरंच. भांडवलशाहीला मागे टाकायची ही मोहीम बऱ्याच अंशी भांडवलशहांच्याच नकाशांवर उभी होती, आणि मंदीत कामाला मोताद झालेले ते नकाशेवाले आनंदाने आले.

आकडे बघा. पोलाद १९२८मध्ये ४३ लाख टन, १९३२मध्ये ५९ लाख, १९३७मध्ये १ कोटी ७७ लाख. कोळसा याच नऊ वर्षांत साडेतीन कोटी टनांवरून १२ कोटी ८० लाखांवर. वीज ५०० कोटी युनिटवरून ३,६०० कोटींवर. हे सोव्हिएत सरकारचे वजनाचे आकडे आहेत आणि बाहेरच्या अभ्यासकांनीही ते बऱ्यापैकी मानलेत. रुबलमधले वाढीचे दर मात्र फुगवलेले होते. पत्रकावरची बेरीज कधीच जमली नाही हेही नोंदवू: १९३२साठी बिडाच्या लोखंडाचं लक्ष्य वाढवत वाढवत १ कोटी ७० लाख टनांवर नेलं होतं, प्रत्यक्षात निघालं ६२ लाख टन. तरी योजना चार वर्षं तीन महिन्यांत पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. बेकारी संपल्याचं १९३०मध्येच जाहीर झालं होतं, आणि अमेरिकेत रांगा लागलेल्या असताना ते ऐकून जगभरचे शहाणेसुरते भारावले. साक्षरता वाढली, शेतकऱ्यांची मुलंमुली इंजिनिअर झाली. ज्या घरातून कुणी उपाशी मेलं नव्हतं, त्या घराला तो काळ वर चढण्याचा वाटला, आणि अशी घरं लाखोंनी होती.

सगळं टनात मोजायची सवय मात्र लागली ती लागलीच. लक्ष्य टनात असेल तर पत्रा जाड करा, लक्ष्य पुरं. १९५९मध्ये खुद्द तेव्हाचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह तक्रार करत होता की आपले कारखाने सुंदर झुंबरं न बनवता शक्य तितकी जड झुंबरं बनवतात. मोजायचं मापच असं की माल वापरणाऱ्याला त्यात जागाच नव्हती. श्वेत समुद्राला बाल्टिकशी जोडणारा २२७ किलोमीटरचा कालवा कैद्यांकडून वीस महिन्यांत खणून घेतला, हजारो मेले, आणि तो इतका उथळ निघाला की मोठी जहाजं त्यातून जाईनात. वेळेत पूर्ण झाला, एवढंच.

या सगळ्याच्या समर्थनाचा मोठा मुद्दा युद्धाचा. फेब्रुवारी १९३१मध्ये स्टालिन म्हणाला होता की आपण प्रगत देशांच्या पन्नास ते शंभर वर्षं मागे आहोत, हे अंतर दहा वर्षांत तोडलं नाही तर ते आपल्याला चिरडतील. दहा वर्षांनी, २२ जून १९४१ला, हिटलरच्या फौजा आत घुसल्या. पश्चिमेचे दीड हजारांवर मोठे कारखाने सुटे करून रेल्वेने पूर्वेला नेले गेले, उरलमध्ये रणगाडे बनायला लागले. मॅग्निटोगोर्स्कची ती आडगावची जागा अचानक शहाणपणाची ठरली. हा मुद्दा खोडून काढता येत नाही. पण तो सगळा हिशोबही मिटवत नाही. नीपर नदीवरचं प्रसिद्ध धरण सोव्हिएत सैन्यानेच माघार घेताना ऑगस्ट १९४१मध्ये उडवलं. युक्रेनमधले बरेच कारखाने आणि खाणी शत्रूच्या हाती गेल्या. १९३७-३८मध्ये कारखाने चालवणारे आणि सैन्य चालवणारे किती तरी जण स्टालिननेच संपवले होते. आणि रणगाडा बनवायला घोडे मारावे लागत नाहीत. बुखारिनच्या वाटेने किती पोलाद निघालं असतं, यावर अर्थशास्त्रज्ञ मॉडेलं मांडून आजही दोन्हीकडून उत्तरं काढतात. मला १९३२चा दुष्काळ वेगाची अपरिहार्य किंमत वाटत नाही. त्यातला मोठा वाटा हा हट्टाचा आणि खोट्या आकड्यांचा होता.

भारताने हा धडा जवळून पाहिला होता. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचं आपल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचं गणित, आधी यंत्रं बनवणारी यंत्रं, हे १९२८मध्ये सोव्हिएत नियोजन मंडळातल्या फेल्डमनने मांडलेल्या गणिताच्या फार जवळचं आहे. रशियन मदतीने भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार फेब्रुवारी १९५५मध्ये झाला, तेव्हा भिलाई ज्या राज्यात होतं त्याची राजधानी नागपूर होती. त्याच काळात मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद हे वेगळं सांगत होते: कामगार जे खातो-नेसतो ते आधी वाढवा, तेच खरं भांडवल. आधी पोटोबा, मग विठोबा, असं म्हणा. त्यांचं फारसं ऐकलं गेलं नाही. १९५९च्या नागपूर काँग्रेसमध्ये सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव झाला, पण इथे मतपेटी होती, आपापसांत भांडणारा पक्ष होता, वर्तमानपत्रं होती. ठराव कागदावर राहिला. मग आपल्या भिलाईचं धान्य कुठून आलं? बरंचसं अमेरिकेतून, पीएल-४८० या तिथल्या धान्यमदत कायद्याखाली आलेल्या जहाजांतून. रेशनवरची लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तिची चव अजून आठवते. किंमत इथेही कुणीतरी दिलीच. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या तिसऱ्या पिढीला विचारलं तर तेही आकडे सांगतील.

सोव्हिएत शेती मात्र सावरली नाही. क्रांतीआधी जगाला गहू विकणारा देश १९६३पासून गहू आयात करू लागला.

जानेवारी १९३४च्या पक्षाधिवेशनात स्टालिनने देशाची लोकसंख्या १६ कोटी ८० लाख झाल्याचं अभिमानाने सांगितलं होतं. तीन वर्षांनी, जानेवारी १९३७मध्ये, जनगणना झाली. माणसं भरली १६ कोटी २० लाख. निकाल दडपला गेला, जनगणनेच्या अधिकाऱ्यांना शत्रू ठरवून अटक झाली, सांख्यिकी खात्याच्या प्रमुखाला, इव्हान क्रावालला, गोळ्या घातल्या गेल्या. १९३९मध्ये नव्या माणसांनी पुन्हा मोजणी केली आणि आकडा १७ कोटी सहा लाखांचा आला.